मर्जरची नोटीस येते तेव्हा आपण कुठे असतो?

सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची मीटिंग लागली की मुंबईकर माणसाच्या अंगात वकील संचारतो. कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती महिने देणार, शेजारच्या बिल्डिंगला काय मिळालं, सगळं तोंडपाठ. त्याच माणसाच्या डीमॅटमधली कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन व्हायला निघते, ईमेलवर भलीमोठी नोटीस येते आणि तो ती उघडतसुद्धा नाही. "होईल तेव्हा येतील नवे शेअर खात्यात." येतील हो, पण किती येणार हे कुणी ठरवलं? आणि ते येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष आपल्या पैशाचं काय होतं?

स्पष्टच बोलतो. मर्जर जाहीर झाल्यापासून ते पूर्ण होईपर्यंतचा काळ हाच छोट्या भागधारकाचा काळ असतो. एकदा मतदान आटोपलं की तुमच्या मताला काडीची किंमत नाही.

एचडीएफसी लिमिटेड आणि एचडीएफसी बँकेचं घ्या, कारण मुंबईतल्या मराठी घरांत हे शेअर पिढीजात आहेत. 4 एप्रिल 2022 ला घोषणा झाली. एचडीएफसी लिमिटेडच्या 25 शेअरला बँकेचे 42. त्या दिवशी दोन्ही शेअर जवळपास दहा टक्के उसळले, व्हॉट्सअॅपवर पेढे वाटून झाले. पुढच्या दोन आठवड्यांत ती सगळी वाढ पुसली गेली. प्रत्यक्ष विलीनीकरण झालं 1 जुलै 2023 ला, म्हणजे मध्ये पंधरा महिने. रिझर्व्ह बँक, सेबी (शेअर बाजारावर देखरेख करणारी संस्था), स्पर्धा आयोग, शेअर बाजार, भागधारकांची सभा आणि शेवटी कफ परेडच्या एमटीएनएल इमारतीतलं एनसीएलटीचं (कंपन्यांच्या प्रकरणांसाठीच्या न्यायाधिकरणाचं) मुंबई खंडपीठ, या सगळ्या दारांतून फाइल जायची असते.

या काळात विलीन होणाऱ्या कंपनीचा शेअर स्वतःच्या पायावर चालत नाही, दुसऱ्याच्या भावाला बांधलेला असतो. 25 ला 42 म्हणजे एका शेअरला 1.68. उदाहरणापुरतं धरा, बँकेचा भाव 1,600 आहे. मग जुन्या शेअरची किंमत व्हायला हवी 2,688. तो जर 2,600 ला मिळत असेल, तर मधले 88 रुपये म्हणजे थांबण्याचं भाडं आणि सौदा फिसकटण्याची भीती. हा फरक कमी होत गेला तर बाजाराला मर्जर होणार असं वाटतंय. फरक अचानक रुंदावला तर कुणाला तरी काहीतरी कळलंय. टीव्हीवरच्या कुठल्याही तज्ज्ञापेक्षा मी या एका आकड्यावर जास्त विश्वास ठेवतो.

आणि सौदे फिसकटतात. झी आणि सोनीची विलीनीकरणाची बोलणी सप्टेंबर 2021 मध्ये जाहीर झाली. भागधारकांनी जवळजवळ एकमुखाने होकार दिला, ऑगस्ट 2023 मध्ये एनसीएलटीनेही मंजुरी दिली. तरीही 22 जानेवारी 2024 ला सोनीने करार मोडला. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला आणि झीचा शेअर एका दिवसात 30 टक्क्यांहून जास्त कोसळला. "कोर्टाने मंजूर केलंय, आता काय राहिलंय" म्हणून ज्यांनी वरच्या भावात आणखी शेअर घेतले होते, त्यांचं काय झालं असेल याची कल्पना करा. मंजुरी मिळाली म्हणजे सौदा झाला, असं नसतं.

आता मताबद्दल, कारण माझा खरा राग इथे आहे. कंपनी कायद्याप्रमाणे सभेत मत देणाऱ्यांपैकी बहुसंख्य आणि मूल्याच्या हिशेबात तीन चतुर्थांश बाजूने लागतात. प्रमोटरकडे, म्हणजे कंपनीचा ताबा असलेल्या मुख्य मालकांकडे, निम्म्याहून जास्त शेअर असले की हे फार अवघड जात नाही. म्हणून सेबीने ठरावीक प्रकारांत, विशेषतः प्रमोटरचे हितसंबंध गुंतलेले असतील तिथे, फक्त सार्वजनिक भागधारकांच्या मतांची वेगळी मोजणी सक्तीची केली आहे. आपल्यासारख्यांच्या हातात असलेलं हे एकमेव हत्यार, आणि आपण ते गंजत ठेवतो.

आयसीआयसीआय सिक्युरिटीजचं मतदान आठवतंय? कंपनी बाजारातून काढून पूर्णपणे आयसीआयसीआय बँकेच्या मालकीची करायची होती. मार्च 2024. 100 शेअरला आयसीआयसीआय बँकेचे 67. अनेक छोट्या भागधारकांना हे प्रमाण कमी वाटत होतं आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी विरोधात मत दिलं. म्युच्युअल फंडांसारख्या संस्थांनी मोठ्या प्रमाणात बाजूने दिलं आणि सार्वजनिक भागधारकांची एकूण सुमारे 72 टक्के मतं बाजूने पडली. बँकेचे कर्मचारी भागधारकांना फोन करून मत द्यायला सांगत होते, त्यावरून सेबीने बँकेला ताकीदही दिली. फोन करावे लागले, यातच आपल्या मताची किंमत कळते. नाराज मंडळी एनसीएलटीत गेली, पण उपयोग झाला नाही. मार्च 2025 मध्ये त्या शेअरची बाजारातली नोंदणी संपली.

मर्जरच्या योजनेला हरकत घ्यायला कायदा किमान 10 टक्के भागधारणा मागतो. दहा टक्के! हजारो कोटींच्या कंपनीत दहा टक्के ज्याच्याकडे आहेत, त्याला हरकत घ्यायला एनसीएलटीत कशाला जावं लागेल, त्याला चेअरमन स्वतः चहाला बोलावतील. उठसूट कुणीही योजना अडवू नये हे मान्य, पण ही अट छोट्यांसाठी बंद दारच आहे.

(लक्ष्मी विलास बँकेसारखं प्रकरण निराळं. नोव्हेंबर 2020 मध्ये ती सिंगापूरच्या डीबीएस बँकेच्या भारतीय कंपनीत गेली तेव्हा मत वगैरे काही नव्हतं, शेअरची किंमत सरळ शून्य झाली. बुडत्या बँकेच्या बाबतीत असंही होऊ शकतं.)

पूर्वी मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्री सभागृहात सभा व्हायच्या, आपली मंडळी निदान खाऊच्या पाकिटासाठी तरी जायची आणि एखादा खमका काका माइक हिसकावून चेअरमनला घाम फोडायचा. आता सगळं व्हिडिओवर, ई-व्होटिंग मोबाइलवर. दोन मिनिटांचं काम, तरी होत नाही.

हिशेबाचं थोडक्यात. शेअरच्या बदल्यात शेअर मिळाले तर साधारणपणे त्या वेळी कर लागत नाही. जुनी खरेदी किंमत आणि जुनी तारीखच पुढे चालते. 100 शेअर 2,000 ने घेतले असतील आणि 168 मिळाले, तर नवी किंमत साधारण 1,190 पडते. अॅपमध्ये काही दिवस जुने शेअर गायब आणि नवे आलेले नाहीत असं दिसेल, सरासरी भावही चुकीचा दिसू शकतो, घाबरू नका. अपूर्णांकाचे शेअर एकत्र विकून त्याचे पैसे खात्यात येतात, त्यावर मात्र कर बघावा लागतो. घरात आजोबांच्या नावाची कागदी सर्टिफिकेटं असतील तर ती मर्जरच्या आधीच डीमॅट करून घ्या. नंतर नव्या कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) खेटे घालताना जीव जातो.

आणि नोटीस आली की निदान व्हॅल्युएशनचा, म्हणजे कंपन्यांची किंमत कशी ठरवली तो भाग आणि प्रमोटरची टक्केवारी आधी किती, नंतर किती, एवढी दोन ठिकाणं वाचा. बाकी पानं सोडलीत तरी चालेल. आमच्या मुलुंडच्या कट्ट्यावर लोक हमखास विचारतात, "विरोधात मत दिलं तर आपले शेअर अडकवतील का हो?" नाही अडकवत. योजना मंजूर झाली तर विरोधात मत देणाऱ्यालाही त्याच प्रमाणात, त्याच दिवशी मिळतात.