गोरेगावकर, तुमचं मद्रास खरं, पण मग झारखंडचं काय?

गोरेगावकर साहेब,

माझ्या टीबीवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया रविवारीच वाचली होती. लगेच उत्तर टाइप करायला घेतलं पण डोकं तापलेलं होतं, म्हणून म्हणलं जाऊ दे, चार दिवसांनी बघू. आज सुट्टी आहे, चहा झालाय, आता निवांत लिहिते. लांबणार आहे, आधीच सांगते.

बाकीच्यांनी खाली स्क्रोल करून शोधत बसू नये म्हणून साहेबांचं म्हणणं थोडक्यात सांगते. टीबी जंतूने होतो, त्यात गरिबीचं रडगाणं आणायची गरज नाही, अमिताभला पण झाला होता, तो काय उपाशी होता का? दुसरं, मद्रासच्या अभ्यासात साठ-सत्तर वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय की खाण्यापिण्याने फरक पडत नाही, गोळ्या पुरतात. तिसरं, धडधाकट माणसांचे एक्सरे काढत फिरणं म्हणजे पैशाचा चुराडा. आणि चौथं म्हणजे खरा दोष लोकांचा, अर्धवट गोळ्या खातात आणि सोडतात. शेवटी "मी स्वतः बारा वर्षं डायबेटीसवर आहे, लोकलने फिरतो, मला नाही झाला", आणि घरी कामाला येणाऱ्या मावशी पंधरा दिवस खोकतायत म्हणून त्यांना येऊ नका सांगितलंय, हे बरोबर केलं ना, असा प्रश्न.

आधी माझी चूक. मागच्या लेखात मी "टीबीचं खरं औषध ताटात आहे" असं लिहिलं होतं. ते वाक्य टाळ्या घ्यायला चांगलं होतं पण चुकीचं होतं, काढून टाकते. कोणी ते वाचून गोळ्या बंद करून अंडी खात बसलं तर पाप माझ्या माथी. गोळ्यांना पर्याय नाही, विषय संपला.

आता अमिताभ. त्यांना २००० साली मणक्याचा टीबी झाला होता, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितलंय. पण त्याने सिद्ध एवढंच होतं की हा जंतू पैसा बघून शिरत नाही, आणि ते मी कधी नाकारलं? जगातल्या साधारण पाव लोकसंख्येच्या अंगात हा जंतू कधी ना कधी शिरलाय असा अंदाज आहे, त्यातल्या फक्त पाच ते दहा टक्क्यांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. बाकीच्यांच्यात तो गप पडून राहतो. म्हणजे जंतू कोणाला शिवला हा एक प्रश्न झाला आणि कोणाच्यात तो उठून बसला हा दुसरा, आणि जगभरचं संशोधन गेली काही वर्षं या दुसऱ्याच्याच मागे लागलंय. तिथे पाच मोठी नावं सारखी येतात, कुपोषण, एचआयव्ही, दारू, सिगरेट आणि डायबेटीस. शेवटचं जरा लक्षात ठेवा, त्यावर परत येणारे.

मद्रास. खरं सांगू का, तुम्ही हा अभ्यास काढलात तेव्हा मला बरं वाटलं, कारण आपल्याकडे तो माहीत असणारी माणसं कमी. १९५६ साली सुरू झाला. तोपर्यंत टीबी म्हणजे सॅनिटोरियम, म्हणजे टीबीच्या पेशंटना महिनोन् महिने ठेवायचं खास रुग्णालय, चांगली हवा, दूध-अंडी, पूर्ण आराम. मद्रासच्या गरीब वस्त्यांमधले पेशंट घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, अर्धे सॅनिटोरियममध्ये, अर्धे आपापल्या खोपटात, औषधं दोघांना तीच, वर्षभर. घरचे पेशंट कमी खात होते, दाटीवाटीत राहत होते, त्यातले काही कामालाही जायचे. आणि तरी बरे होण्याचं प्रमाण जवळपास सारखं! एवढंच नाही तर घरातल्या बाकीच्यांवर पाच वर्षं नजर ठेवली, पेशंट घरीच राहिला म्हणून त्यांना जास्त टीबी झाला असंही दिसलं नाही. या एका अभ्यासाने जगभरातल्या सॅनिटोरियमची सद्दी संपवली. माझे मामा गिरणीत होते, त्यांना टीबी झाला, त्यांच्या वेळी हे झालं नसतं तर ते दोन वर्षं कुठेतरी खाटेवर पडून राहिले असते आणि मामीने चार पोरं कशी जगवली असती देव जाणे. मद्रासला माझा हात जोडून नमस्कार आहे.

पण त्यात तुलना कशाची होती ते बघा ना. औषध घेणारा पेशंट घरी बरा होतो की सॅनिटोरियममध्ये, एवढीच. घरातली बाकीची माणसं दोन्ही गटात तशीच गरीब, तेच खाणारी. त्यांना जास्त खायला दिलं असतं तर त्यांच्यातले किती आजारी पडायचे वाचले असते, हे मद्रासने विचारलंच नव्हतं. आणि जे विचारलंच नाही त्याचं उत्तर "फरक पडत नाही" असं कसं काय झालं?

ते विचारलं झारखंडमध्ये, २०१९ ते २०२२. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांचा अभ्यास, नाव रेशन्स, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२३ ला आला. चार जिल्हे, २,८०० पेशंट आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. पेशंटला दोन्ही गटांत रेशन दिलं (पेशंटला उपाशी ठेवून गंमत बघायची नव्हती कोणाला). फरक केला तो घरच्यांच्या बाबतीत. एका गटात घरच्या प्रत्येक माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या. दुसऱ्या गटात घरच्यांना काही नाही, जे चाललंय ते चालू. निकाल असा की रेशन मिळालेल्या घरांमध्ये नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी, आणि जो खोकल्यातून पसरतो तो फुफ्फुसाचा टीबी ४८ टक्क्यांनी कमी. तांदूळ आणि डाळ हो! कुठली लस नाही, इंजेक्शन नाही. लशीचं म्हणाल तर बीसीजी १९२१ ची आहे आणि मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या टीबीत तिचा फारसा भरवसा नाही, नवीन एम७२ लशीची मोठी चाचणी २०२४ ला कुठे सुरू झाली.

आता तुम्ही म्हणाल, आणि म्हणायलाच पाहिजे, की पेशंटचं काय, त्याला खाण्याने फरक पडला का? तिथे मी जपून बोलते. त्या पेशंटपैकी पाचातले चार कुपोषित होते, आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं त्यांच्यात मरण्याचं प्रमाण ६१ टक्के कमी दिसलं. पण रेशन सगळ्याच पेशंटना होतं, त्यामुळे वजन वाढलं म्हणून वाचले की मुळात कमी आजारी होते म्हणून वजन वाढलं, हे या आकड्यावरून ठामपणे सांगता येत नाही. घरच्यांच्या आकड्याला तशी शंका नाही, तिथे चिठ्ठ्या टाकून गट केलेले. आणि पोषणातलं सगळंच चालतं असंही नाही, मंगोलियात शाळेतल्या पोरांना व्हिटॅमिन डी देऊन बघितलं, २०२० ला निकाल आला, टीबीच्या संसर्गात काहीच फरक नाही. म्हणून त्या "टीबीपासून वाचण्यासाठी ही गोळी घ्या" वाल्या फॉरवर्डला कृपया माझ्या लेखाची लिंक जोडू नका.

सरकार पेशंटला २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० केले. चांगलंच आहे. पण हजार रुपयात पाच माणसांचं घर मुंबईत किती दिवस चालतं ते तुम्हीच हिशेब करा.

आणि गरिबी म्हणजे नुसतं ताट पण नाही. मानखुर्द-गोवंडीला लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड इथे कधी गेलायत? झोपडपट्टी हटवून बांधलेल्या बिल्डिंगी, मध्ये अंतर तीन मीटर, खालच्या मजल्यावर भर दुपारी ट्यूबलाइट लागते. २०१८ ला तिथल्या घरांचा अभ्यास झाला, आयआयटीची माणसं पण होती त्यात, ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर टीबी जास्त निघाला. बिल्डिंग तीच, जिना तोच. आता यात पहिल्या मजल्यावरच्या बाईचा दोष काय ते सांगा.

एक्सरेवर येते, तो माझा प्रांत. मी अकरा वर्षं घाटकोपरच्या एका सेंटरला एक्सरे टेक्निशियन होते, रिपोर्ट डॉक्टर लिहायचे पण फिल्म आधी आम्हीच बघायचो. आमच्याकडे गल्फला नोकरीला जाणाऱ्या पोरांची मेडिकल यायची. वीस-बावीस वर्षांची पोरं, छाती पुढे काढून उभी राहायची, मॅडम चांगला काढा हां म्हणायची, आणि फिल्मवर वरच्या बाजूला टीबीचा संशय यावा असा डाग. खोकला? नाही. ताप? नाही. वजन? तसंच आहे. पोराला मी कधी काही बोलले नाही, ते माझं काम नव्हतं, पण "पुढच्याला पाठवा" म्हणताना घशात अडकायचं कारण एजंटला पैसे भरून झालेले असायचे.

तेव्हा मला ते अपवाद वाटायचे. मग देशभर टीबीची पाहणी झाली २०१९ ते २१ मध्ये, त्यात कळलं की नुसती लक्षणं विचारून सोडून दिलं असतं, एक्सरे काढला नसता, तर सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के निसटले असते. आणि ज्यांना लक्षणं होती त्यातल्या ६४ टक्क्यांनी कुठे दाखवलंच नव्हतं. म्हणजे आपली अख्खी सिस्टीम "खोकला आला की या" वर उभी आहे, आणि जवळपास अर्धी माणसं खोकतच नाहीत!

पैसे वाया जातात का? कधी कधी जातात, तुमच्या बाजूनेही पुरावा आहे. झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेत वस्त्यांमध्ये जाऊन लोकांना थुंकी तपासायला द्या सांगितलं, प्रचार केला, सोयी केल्या, टीबी काही कमी झाला नाही. तेच व्हिएतनामच्या का माऊ प्रांतात वेगळं केलं. दारोदार जाऊन पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाची, खोकला असो नसो, थुंकी घेऊन मशीनवर तपासली, दर वर्षी, लागोपाठ तीन वर्षं. चौथ्या वर्षी मोजलं तर टीबीचे पेशंट लाखात १२६, आणि जिथे हे केलं नव्हतं तिथे २२६. चव्वेचाळीस टक्के फरक. मला यातनं कळतं ते असं की मंडप घालून, बॅनर लावून, नगरसेवकाच्या फोटोखाली एक दिवसाचं शिबिर घेऊन काही होत नाही, त्याला चुराडा म्हणा, मी पण म्हणेन. दर वर्षी, त्याच गल्लीत, प्रत्येक दारात जायला लागतं. आता हातात धरायची एक्सरे मशिनं आलीत, फिल्म कॉम्प्युटर वाचतो, २०२१ ला डब्ल्यूएचओने त्याला मान्यता पण दिली. (माझी नोकरी वेळेत सोडली म्हणायची!)

राहिलं अर्धवट गोळ्यांचं. सोडतात लोक, खरंय. पण रेझिस्टंट, म्हणजे औषधांना दाद न देणारा टीबी हा फक्त गोळ्या चुकवणाऱ्यांना होतो हे डोक्यातनं काढा. दक्षिण आफ्रिकेत तुगेला फेरी नावाच्या गावी एक्सडीआरचे, म्हणजे त्यातल्या सगळ्यात चिवट प्रकाराचे ५३ पेशंट सापडले, ५२ मेले, आणि निम्म्याहून जास्त जणांनी त्याआधी टीबीची एक गोळी खाल्लेली नव्हती. त्यांना तो तयारच मिळाला, हवेतून. शिवाय गोळ्या कोण कधी देतं तेही बघा. मुंबई आणि पाटण्यात संशोधकांनी टीबीची लक्षणं सांगणारे खोटे पेशंट खाजगी डॉक्टरांकडे पाठवले होते, सुमारे एक तृतीयांश वेळाच बरोबर उपचार झाले. माझ्या दिराला २०१४ मध्ये एका डॉक्टरने खोकल्याचं औषध आणि लेव्होफ्लॉक्सासिन दिलं, आठवड्यात बरं वाटलं, परत आलं, परत तेच. ते औषध टीबीच्या जंतूवर थोडं चालतं, त्यामुळे आजार दबतो आणि निदान लांबतं. तीन महिन्यांनी थुंकी तपासली. तोवर ते रोज कळवा ते सीएसटी लोकलने जात होते. एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या चालू झाल्यावर एक डोस चुकवला नाही, मग दोष कोणाचा?

आणि सोडतात का तेही ऐका. आधी एमडीआरचा, म्हणजे नेहमीच्या मुख्य गोळ्या चालत नाहीत त्या टीबीचा कोर्स दीड-दोन वर्षांचा होता, इंजेक्शनं होती, त्याने कान जायचे. आपल्या मुंबईचीच नंदिता वेंकटेशन, टीबीच्या औषधाने ऐकू येणं गेलं तिचं. तिने आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिलेने बेडाक्विलिन या अशा टीबीवरच्या नव्या गोळीचं पेटंट लांबवण्याच्या विरोधात अर्ज केला आणि मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट ऑफिसने कंपनीचं म्हणणं फेटाळलं. आता बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन असा सहा महिन्यांचा कोर्स आहे, इंजेक्शन नाही. चाचणीत ८९ टक्के पेशंटच्या बाबतीत तो यशस्वी ठरला, जुन्या उपचारात हेच प्रमाण ५२ टक्के होतं. माणसं तीच हो, कोर्स बदलला.

आता मावशी. त्यांना काढून टाकून तुमचं घर सुरक्षित झालं असं वाटत असेल तर, पंधरा दिवस त्या तुमच्या स्वयंपाकघरात खोकत होत्या. ते झालं ते झालं. आज फोन करा, जवळच्या पालिकेच्या दवाखान्यात पाठवा, थुंकीची तपासणी फुकट होते, सीबीनॅट ही मशीनवरची तपासणी सांगा, त्यात औषध चालेल का तेही कळतं. कदाचित टीबी नसेलही. निघालाच तर चालणारं औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत पसरवण्याचा धोका खूप उतरतो, डॉक्टर हो म्हणाले की परत बोलवा. तोवरचा पगार कापू नका. कापलात तर त्या दुसऱ्या घरी खोकला लपवून लागतील, आणि घरात चार पोरं असतील तर त्यांच्या ताटातलं आधी कमी होईल. झारखंडचं वर वाचलंतच.

आणि साहेब, त्याच दिवशी तुमचा पण छातीचा एक्सरे काढून घ्या. डायबेटीसमध्ये टीबीचा धोका दुप्पट-तिप्पट असतो, बारा वर्षं झाली म्हणालात. खोकला नाहीये ते माहितीये मला.