‘मिथ्या’ म्हणजे खोटं नव्हे

गेले काही दिवस एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. ‘आपल्या ऋषींनी केव्हाच सांगून ठेवलंय, जग खोटं आहे, निव्वळ स्वप्न. सगळी हिंदू दर्शनं हेच सांगतात. मग कर्ज काय नि आजार काय, सगळी माया! आता क्वांटम विज्ञानही तेच म्हणतंय.’ खाली पुरावा म्हणून ‘ब्रह्म सत्यं जगन्मिथ्या’.

घोटाळा ‘मिथ्या’ या शब्दापासूनच सुरू होतो. मराठीत आपण ‘मिथ्या आरोप’ म्हणतो, म्हणजे धादांत खोटा. हे वाक्य ज्या अद्वैत वेदान्तातलं, म्हणजे ब्रह्म हे एकच अंतिम सत्य मानणाऱ्या शंकराचार्यांच्या दर्शनातलं, तिथे मात्र खोट्यासाठी, म्हणजे मुळात नसलेल्यासाठी, वेगळा शब्द आहे : असत्. सशाचं शिंग, वांझेचा मुलगा. ही कधी कुणाला दिसतच नाहीत. मिथ्या दिसतं, पण स्वतःच्या बळावर उभं नसतं. म्हणून ते धड सत् (खरोखर असलेलं) नाही, धड असत्ही नाही. रात्री गोठ्यात दाव्यावर पाय पडतो आणि साप समजून आपण किंचाळतो. साप नव्हता, पण दावं होतं, आणि सुटलेला घामही खरा होता.

याहून सोपं सोनाराकडे कळतं. जुनी पाटली मोडीत घाला, तो वजन करतो. घडणावळीचे पैसे परत देत नाही. सोनं धरलं तर पाटली हे नाव आणि आकार. म्हणून काय हातातली पाटली भास होती? छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात माती आणि मडक्याच्या दाखल्यातून हेच सांगितलंय : विकार, म्हणजे मडक्यासारखा बदललेला आकार, हे नुसतं नाव, माती तेवढी सत्य.

‘सगळी हिंदू दर्शनं’ हे तर सरळ चूक. न्याय-वैशेषिकांना जग खरं, सांख्यांची प्रकृती, म्हणजे जड सृष्टीचं मूळ, खरी. वेदान्तीच असलेल्या रामानुजांनी श्रीभाष्य या आपल्या ग्रंथात अद्वैतातल्या अविद्येच्या, म्हणजे जग भासवणाऱ्या अज्ञानाच्या, कल्पनेवर सात आक्षेप घेतले. मध्वांनी तर जीव, जड, ईश्वर यांच्यातले पाचही भेद खरेच मानले. आणि आपल्या घरचं पाहायचं तर ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात अज्ञानखंडनाला एक अख्खं प्रकरण दिलंय. त्यांच्या लेखी जग हा अज्ञानातून उठलेला भ्रम नाही, चैतन्याचाच विलास आहे. हे सगळं एका फॉरवर्डमध्ये कोंबायचं म्हणजे कमाल आहे.

कर्ज-आजाराचं म्हणाल तर शंकराचार्यांचं अद्वैत असण्याच्या पातळ्या वेगळ्या ठेवतं. दाव्यावरचा साप प्रातिभासिक (भासापुरता), बँकेचा हप्ता व्यावहारिक (रोजच्या व्यवहारात खरा), ब्रह्म पारमार्थिक (अंतिम अर्थानं खरं). ब्रह्मसूत्रं हा वेदान्ताचा मूळ सूत्रग्रंथ; त्यातल्या २.१.१४ वरच्या भाष्यात शंकराचार्य स्पष्ट म्हणतात की ब्रह्मज्ञान होईपर्यंत सगळे व्यवहार खरेच. ते झालेलं नसेल तर हप्ता भरावा लागतो, औषधही घ्यावं लागतं. शेजाऱ्याच्या दुखण्याला ‘माया आहे हो’ म्हणणारे स्वतःची दाढ ठणकली की बरोबर डॉक्टरकडे धावतात.

क्वांटमवर शब्द खर्च करत नाही. ते अणूंच्या वागणुकीचं गणित आहे. ब्रह्माबद्दल त्यात काही नाही.

राहिलं ‘निव्वळ स्वप्न’. बाहेर वस्तूच नाहीत असं म्हणणाऱ्या विज्ञानवादी (मनातली जाणीव तेवढी खरी मानणाऱ्या) बौद्धांचं खंडन खुद्द शंकराचार्यांनी केलंय. ‘वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्’ या ब्रह्मसूत्रावर लिहिताना जागेपण स्वप्नासारखं नाही, हे ते ठासून सांगतात : स्वप्नातलं जाग आल्यावर खोटं ठरतं, जागेपणी पाहिलेला खांब तसा ठरत नाही. त्याच्या आधीच्याच सूत्रावर त्यांनी या मंडळींना दाखला दिलाय तो जेवणाऱ्याचा. हा बाबा जेवतोय, पोट भरल्याचं त्याचं त्यालाच कळतंय, आणि म्हणतोय काय, तर मी जेवतही नाही आणि माझं पोटही भरत नाही!