‘अमेरिकेत कॉलेजात खेळा आणि पगार घ्या’ हे अर्धसत्य महागात पडेल

खेळणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये सध्या एक समज हातोहात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कॉलेजच्या खेळाडूंना पगाराचा हक्क दिला. आता तिथे खेळणारा प्रत्येक विद्यार्थी विद्यापीठाचा पगारी नोकर आहे. कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणारी एनसीएए ही संस्था सगळ्यावर नजर ठेवते, त्यामुळे काळजीचं कारण नाही. तेव्हा मुलाला टेनिस किंवा पोहण्यात तयार करा, शिक्षण फुकट होईल आणि वर डॉलर हातात येतील.

या समजात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच तो पटकन पटतो. एकेक वाक्य घेऊन पाहू.

‘सुप्रीम कोर्टाने पगाराचा हक्क दिला’

नाही दिला. ज्या निकालाचा हवाला दिला जातो तो ‘एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन’, २१ जून २०२१ चा. नऊच्या नऊ न्यायाधीश खेळाडूंच्या बाजूने गेले, हे खरं. पण कोर्टापुढचा प्रश्न मर्यादित होता. लॅपटॉप, पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती, इंटर्नशिप अशा शिक्षणाशी निगडित लाभांवर एनसीएए मर्यादा घालू शकते का? कोर्ट म्हणालं, नाही. तसं करणं मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही. त्यातून अभ्यासातल्या कामगिरीसाठी वर्षाला ५,९८० डॉलरपर्यंत रोख बक्षीस देण्याची वाट मोकळी झाली. मैदानावर खेळण्याच्या मोबदल्याबद्दल निकालात काहीच ठरलेलं नाही. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मत लिहून एनसीएएच्या उरलेल्या नियमांवरही कडक टीका केली, पण ते त्यांचं एकट्याचं मत आहे.

२०२५ मध्ये जे झालं तो निकाल नसून तडजोड होती. ‘हाउस’ नावाने ओळखला जाणारा खटला एका जलतरणपटूच्या नावाने २०२० मध्ये दाखल झाला आणि त्यातली तडजोड कॅलिफोर्नियातल्या संघराज्य न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी ६ जून २०२५ रोजी मंजूर केली. तिचे दोन भाग आहेत. २०१६ पासून खेळलेल्यांना मागची भरपाई म्हणून दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे. आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. ‘देऊ शकतात’. सगळी गोम या शब्दांत आहे.

‘प्रत्येक खेळाडूला पैसे मिळतात’

पहिल्या वर्षासाठी (२०२५-२६) एका विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा ठरली. ही वरची मर्यादा आहे, किमान रक्कम नव्हे. शून्य डॉलर दिले तरी कोणता नियम मोडत नाही. मोठ्या कॉन्फरन्सबाहेरच्या (कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) विद्यापीठाला यात यायचं की नाही हे ठरवण्याची मुभा आहे. आयव्ही लीगची आठ विद्यापीठं आली नाहीत. तिथे खेळाची शिष्यवृत्तीसुद्धा नसते. एनसीएएच्या छत्राखाली पाच लाखांहून जास्त खेळाडू आहेत. त्यांतला सर्वांत मोठा गट तीन स्तरांपैकी शेवटच्या, म्हणजे तिसऱ्या डिव्हिजनचा, आणि तिथेही खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही.

आता ज्या विद्यापीठाने मर्यादेपर्यंत पैसे द्यायचं ठरवलं त्याचा हिशेब करू. बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत वाटणी साधारण अशी धरली जाते: फुटबॉलला (म्हणजे अमेरिकन फुटबॉलला) ७५ टक्के, पुरुषांच्या बास्केटबॉलला १५, महिलांच्या बास्केटबॉलला ५ आणि बाकी सगळ्या खेळांना मिळून ५. फुटबॉलच्या वाट्याला १ कोटी ५३ लाख ७५ हजार येतात. संघात जास्तीत जास्त १०५ जण, म्हणजे सरासरी १ लाख ४६ हजार डॉलर. प्रत्यक्षात संघाचा खेळ चालवणारा क्वार्टरबॅक त्याच्या कितीतरी पट घेतो आणि बाकावरच्या मुलाला फारसं काही उरत नाही. ‘बाकी सगळे’ म्हणजे पोहणं, टेनिस, गोल्फ, ॲथलेटिक्स, कुस्ती, रोइंग, जिम्नॅस्टिक्स. यांच्यासाठी १० लाख २५ हजार उरले. असे ४०० खेळाडू धरले आणि अगदी समान वाटले, तरी डोई वर्षाला अडीच हजार डॉलरच्या आसपास. समान वाटप कुणी करत नाही, म्हणून बहुतेकांच्या हाती काहीच येत नाही.

शिवाय ही पूर्ण रक्कम रोख नसते. नव्याने वाढवलेल्या शिष्यवृत्त्यांपैकी २५ लाख डॉलरपर्यंतचा खर्च याच मर्यादेत मोजला जातो. म्हणजे टेनिसच्या मुलाची जादा शिष्यवृत्ती आणि फुटबॉलच्या लाइनबॅकरचे पैसे एकाच थैलीतून निघतात. कुणाचा हात आधी आत जातो हे सांगायला नको.

मुलींचा प्रश्न याहून गंभीर आहे. १९७२ चा ‘टायटल नाइन’ कायदा शिक्षणात लिंगभेदाला बंदी करतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने सांगितलं की हे पैसेही त्या कायद्याखाली येतात. सरकार बदललं आणि फेब्रुवारीत ते मार्गदर्शन मागे घेतलं गेलं. ७५-१५-५-५ ही वाटणी या कायद्यात बसत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘खेळाडू आता विद्यापीठाचे नोकर आहेत’

करार हातात घेतला की हे वाक्य पहिल्याच पानावर कोसळतं. विद्यापीठ खेळाडूचं नाव, फोटो आणि छबी वापरण्याचा परवाना घेतं आणि त्या परवान्यापोटी ठरावीक हप्त्यांनी रक्कम देतं. यातून नोकरीचं नातं तयार होत नाही, असं वेगळं कलम असतं. पुढे बऱ्याचदा आणखी एक कलम येतं: मुदतीआधी दुसऱ्या विद्यापीठात गेलात तर ठरलेली रक्कम भरा. नोकराचे हक्क नाहीत आणि बांधिलकी मात्र नोकराहून घट्ट, असा हा कागद आहे.

ही शब्दरचना जुनी आहे. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजकडून फुटबॉल खेळताना रे डेनिसन डोक्याला मार लागून दगावला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. त्याच काळात प्रमुख वॉल्टर बायर्स यांच्या हाताखाली एनसीएएने ‘स्टुडंट-ॲथलीट’ हा शब्द रुळवला, तो अशा दाव्यांपासून बचाव व्हावा म्हणून. त्यानंतर प्रयत्न झाले. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंना २०१४ मध्ये कामगार मंडळाच्या विभागीय संचालकाने कर्मचारी मानलं, पण २०१५ मध्ये मंडळाने या प्रकरणात पडायलाच नकार दिला. डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियनचा कौल दिला आणि वर्ष संपता संपता अर्ज मागे घेतला. ‘जॉन्सन’ खटल्यात जुलै २०२४ मध्ये अपील कोर्टाने एवढंच सांगितलं की खेळाडू कर्मचारी असू शकतात, कसोटी लावून ठरवा.

नोकर नसल्याची किंमत गुडघा फुटला की कळते. कामगार म्हणून भरपाई नाही. उपचार विद्यापीठाच्या विम्यावर आणि नियमांवर. दुसरी किंमत चटकन दिसत नाही, पण मोठी आहे. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्येही संघाच्या पगारांवर मर्यादा असते, तरी ती कायद्यात टिकते, कारण ती खेळाडूंच्या युनियनशी वाटाघाटी करून ठरते आणि अशा सामूहिक कराराला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळते. कॉलेजात युनियन नाही. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या विद्यापीठांनी मिळून ‘याच्या वर पैसे द्यायचे नाहीत’ असं ठरवलेलं आहे, आणि त्याला आधार आहे फक्त तडजोडीचा. म्हणूनच नवे खटले थांबत नाहीत. पैशाचा नियामक कोण, या सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे.

‘एनसीएए सगळं बघते’

पात्रता, अभ्यासाचे निकष, स्पर्धा हे एनसीएएकडे आहे. पैशाचं काम तिच्या हातून निघालं आहे. मर्यादा पाळली जाते का हे पाहायला मोठ्या कॉन्फरन्सनी ‘कॉलेज स्पोर्ट्स कमिशन’ ही वेगळी संस्था काढली. बाहेरच्या कंपन्यांशी होणारे जाहिरातीचे करार तपासायला डेलॉइट या सल्लागार कंपनीने चालवलेली ‘एनआयएल गो’ ही यंत्रणा आहे (एनआयएल म्हणजे खेळाडूचं नाव, फोटो आणि छबी). ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार तिथे नोंदवावा लागतो.

तपासणी कशी होते ते उदाहरणाने पाहू. एक मोटारविक्रेता खेळाडूला तीन व्हिडिओंसाठी ४० हजार डॉलर देऊ करतो. पहिला प्रश्न: हा विक्रेता विद्यापीठाचा देणगीदार किंवा जवळचा आहे का? असेल तर दुसरा: खरोखर माल विकण्यासाठी ही जाहिरात आहे, की संघात ओढण्यासाठी दिलेले पैसे? तिसरा: अशा खेळाडूला अशा कामाचे एवढे पैसे मिळतात का? यात अडकलं तर करार बदलायचा, सोडायचा किंवा लवादाकडे जायचं. बहुतेक करार अडकतात ते अपुऱ्या कागदांमुळे. किती व्हिडिओ, कधी, कुठे दाखवणार हे लिहिलेलंच नसतं.

या कमिशनचा अधिकारही पक्का नाही. जुलै २०२५ मध्ये त्याने सांगितलं की चाहत्यांच्या वर्गणीतून पैसे देणाऱ्या ‘कलेक्टिव्ह’ गटांचे करार व्यावसायिक मानता येणार नाहीत. खेळाडूंच्या वकिलांनी हरकत घेतली आणि महिना संपायच्या आत भूमिका बदलावी लागली. नंतर कमिशनने विद्यापीठांपुढे सहीसाठी करारनामा ठेवला, तर टेक्सासच्या ॲटर्नी जनरलनी आपल्या राज्यातल्या विद्यापीठांना सही करू नका असं सांगितलं. राज्यांचे कायदे वेगवेगळे, आणि ते संस्थेच्या नियमांपेक्षा वरचढ. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये खेळाडूंना जाहिरातीतून कमावू देणारा कायदा केला नसता, तर १ जुलै २०२१ ला एनसीएएने जाहिरातीच्या कमाईची दारं उघडली असती का, याबद्दल आम्हाला शंका आहे.

एनसीएए आणि विद्यापीठांना आता वॉशिंग्टनमधून तीन गोष्टी हव्या आहेत: मक्तेदारीविरोधी खटल्यांपासून संरक्षण, राज्यांच्या कायद्यांवर मात करणारा एकच कायदा, आणि खेळाडू कर्मचारी नाहीत असं लेखी. जुलै २०२५ मध्ये मांडलेल्या ‘स्कोअर’ विधेयकात तिन्ही आहेत. डिसेंबरमध्ये ते प्रतिनिधीगृहात मतदानाच्या तोंडावर थांबवलं गेलं. राष्ट्राध्यक्षांनी २४ जुलै २०२५ रोजी आदेशही काढला, पण आदेशाने राज्यांचे कायदे रद्द होत नाहीत. एकसारखे नियम हवेत हे आम्हालाही मान्य आहे. पण खेळाडूंना वाटाघाटीच्या टेबलावर खुर्ची न देता विद्यापीठांना संरक्षण देणं अन्याय ठरेल.

‘आपल्या मुलालाही डॉलर मिळतील’

महाराष्ट्रातून जाणाऱ्या मुलासाठी हा सगळ्यात घातक भाग. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून टेनिस खेळला. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ चं एनसीएए एकेरीचं विजेतेपद मिळवलं. हा मार्ग खरा आहे, पण तो शिष्यवृत्तीचा आहे.

भारतीय विद्यार्थी साधारणपणे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातो. कॅम्पसवर सत्रात आठवड्याला २० तास काम करता येतं. बाहेरचं काम परवानगीशिवाय चालत नाही. अमेरिकेत उभं राहून पैसे घेऊन जाहिरात करणं हे काम ठरू शकतं आणि व्हिसा धोक्यात येतो. म्हणूनच काँगोचा ऑस्कर त्शीब्वे केंटकीकडून खेळत असताना २०२२ मध्ये संघ बहामाला गेला तेव्हा तिथे आपली जाहिरातीची कामं उरकून आला. विद्यापीठाकडून थेट मिळणारे पैसे एफ-१ वर निर्धास्त घ्या, असं सांगणारा सरकारी नियम नाही. इथे कोचचा शब्द पुरत नाही. व्हिसाच्या वकिलाचं लेखी मत घ्या.

जागाही आक्रसताहेत. पूर्वी पुरुषांच्या टेनिस संघाला साडेचार शिष्यवृत्त्या असत आणि कोच त्यांचे तुकडे करून आठ-दहा मुलांत वाटत. तडजोडीत आलेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली, पण संघच दहाचा झाला. दहाही मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती देणं आता नियमात बसतं, खर्चात क्वचितच. कॅल पॉलीने तर मार्च २०२५ मध्ये या तडजोडीच्या खर्चाकडे बोट दाखवत पोहण्याचे दोन्ही संघ बंद केले.

तेव्हा बोलणी सुरू झाली की कोचला ईमेलवर विचारा: विद्यापीठ तडजोडीत आहे का, संघात नेमक्या किती जागा आहेत आणि मुलाची जागा धरलेली आहे का, शिष्यवृत्ती एका वर्षाची की चार, तिच्यात राहणं-जेवण आहे का, दुखापत झाली तर ती चालू राहील का, उपचाराचा खर्च कोण आणि किती काळ करणार. ऑक्टोबर २०२४ पासून जुनं ‘लेटर ऑफ इंटेंट’ (त्या विद्यापीठात येण्याचं खेळाडूचं हमीपत्र) बंद झालं आहे, त्यामुळे शिष्यवृत्तीचा सही केलेला करार हाच खरा कागद. पहिल्या डिव्हिजनसाठी एनसीएएच्या पात्रता केंद्रात नोंदणी, शाळेतले १६ ठरावीक विषय आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते; नववीपासूनच्या गुणपत्रिका जपून ठेवा. आणि ‘पूर्ण’ शिष्यवृत्तीतही कर लागतो. फी आणि पुस्तकांचा भाग करमुक्त, पण राहण्या-जेवणाच्या रकमेवर एफ-१ विद्यार्थ्याचा साधारण १४ टक्के कर आधीच कापला जातो. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट घेता येते आणि कापलेला बराच कर परत मिळू शकतो, मात्र त्यासाठी दरवर्षी विवरणपत्र भरावं लागतं.