१००% निकालाचा बॅनर आणि तुमचा एक स्टार

नमस्कार ताई, मी या शाळेची संचालिका. तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला आणि काल स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचूनही दाखवला. नववीत गणिताचे शिक्षक वर्षात तीनदा बदलले, सायन्सची लॅब कायम कुलपात, घणसोली स्टेशनबाहेर १००% निकालाचा बॅनर लावता पण कच्च्या मुलांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला, म्हणजे शाळेतर्फे नाही तर बाहेरून दहावीला बसायला लावता, आणि शिक्षकांना कशाचं काही पडलेलं नाही, असं तुम्ही लिहिलंय.

गणिताचं खरं आहे. आपली शाळा विनाअनुदानित, पगार फीमधूनच निघतो, पहिल्या सरांचं नाव सरकारी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत लागलं तर जिल्हा परिषदेची नोकरी सोडून इथे थांबा असं मी कुठल्या तोंडाने सांगणार, ते दिवाळीआधीच गेले. मग मॅडम आल्या, त्या बाळंतपणाच्या रजेवर जाणार हे घेतानाच माहीत होतं तरी आम्ही दुसरं कुणी बघून ठेवलं नाही, ही चूक माझी. त्यात सर्कल आणि ट्रिग्नॉमेट्री आठवड्याभरात उरकली गेली आणि दहावीला त्याच्याच पुढचं येतं, त्यामुळे तुमची काळजी अगदी बरोबर आहे. जूनपासून रोज सकाळी शाळेआधी एक तास हे दोन्ही धडे पहिल्यापासून परत घेतोय, वेगळी फी नाही.

लॅब असिस्टंटची जागा रिकामी आहे म्हणून मॅडम प्रयोग वर्गातच दाखवतात आणि मुलं जर्नल उतरवून काढतात. प्रॅक्टिकलचे २० मार्क तसेही मिळतात, पण काचेच्या स्लॅबमागे स्वतः पिना लावून बघितल्याशिवाय रिफ्रॅक्शन डोक्यात शिरत नाही, मी स्वतः १४ वर्षं सायन्स शिकवलंय. आता दर बुधवारी लॅब उघडणार, असिस्टंट मिळेपर्यंत मी उभी राहीन.

सतरा नंबरबद्दल. यावर्षी एकाही मुलाला सांगितलेलं नाही, जनरल रजिस्टर बघून लिहितेय. पण दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका शिक्षकांनी दोन पालकांना तसा सल्ला दिला होता, मला निकालानंतर कळलं आणि फार वाईट वाटलं, कारण ती मुलं पाचवीपासून आमच्याकडे होती. १००% म्हणजे जेवढे बसले तेवढे पास, किती बसवलेच नाहीत ते त्यात दिसत नाही. आणि राज्याचाच दहावीचा निकाल बघा ना, २०१८ ला ८९.४१ टक्के, २०१९ ला भाषांचे तोंडीचे मार्क काढले तर ७७.१०, २०२० ला परत दिले तर ९५.३०, त्या वर्षी तर कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही. पोरं काही एका वर्षात एवढी बदलत नाहीत. म्हणून कुठल्याही शाळेत, आमच्याकडेसुद्धा, आठवीत किती होते आणि त्यातले दहावीला किती बसले ते विचारा. बॅनर उतरवलाय, यापुढे तो आकडा नोटीस बोर्डवर लागेल.

एक मात्र मान्य नाही, शिक्षकांना पडलेलं नाही हे. सलग तीन दिवस मूल आलं नाही तर क्लास टीचर घरी जातात, घणसोली गाव, तळवली, रबाळे, पावसात पण गेलेत. मराठीच्या मॅडम प्रत्येक निबंध लाल पेनने ओळ न ओळ तपासतात, तुमच्या मुलीची वही उघडून बघा. पगार कमी आहे तरी ही माणसं टिकून आहेत, राग माझ्यावर काढा, त्यांच्यावर नको.

फीचं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. २०११ च्या कायद्याप्रमाणे ती पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवूनच ठरते, मीटिंगचं मिनिट्स बुक ऑफिसमध्ये कधीही बघायला मिळेल.

शनिवारी ११ नंतर मी असतेच. मुलीला घेऊन या, गणिताची वही आणि जर्नल दोन्ही आणा, कुठे अडलंय ते आपण तिघी बसून बघू.