कागदावरचं नाव

"कागदावरचं नाव काय?" हा प्रश्न कुत्र्याबद्दल विचारतात, हे मला काल प्राण्यांच्या दवाखान्यात कळलं. बाकावर शेजारी एक गृहस्थ आणि त्यांचा जर्मन शेफर्ड. मी सांगितलं, "मोती."

"ते घरातलं झालं हो. कागदावरचं?"

"मोतीच."

"केनेलचं नाव? पुढे-मागे काहीच नाही?" असं म्हणत त्यांनी आपल्या कुत्र्याचा पट्टा हळूच स्वतःकडे ओढून घेतला. बाकी सगळं मी विसरेन, ते पट्टा ओढणं नाही.

मग त्यांच्या कुत्र्याचं नाव ऐकवण्यात आलं. त्यात एक दरी होती, एक चंद्र होता, एक सम्राट होता आणि सगळ्यांच्या आधी 'चॅम्पियन'. दरी ब्रीडरची, म्हणजे जातिवंत पिल्लांची पैदास करणाऱ्याची; ते त्याच्या केनेलचं, पैदास-केंद्राचं नाव. ते नोंदवून घेतलं की दुसऱ्याला वापरता येत नाही, आणि तिथे जन्मलेल्या पिल्लांच्या नावाला ते चिकटतं. रात्री-अपरात्री फरशी पुसणाऱ्याचं नाव कुठेच नाही. अमेरिकन केनेल क्लब या जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत हे नाव ठरावीक अक्षरांत कोंबावं लागतं, मधल्या मोकळ्या जागा धरून. फ्रान्समध्ये आद्याक्षरही वर्षाप्रमाणे ठरलेलं. २०२४ च्या पिल्लांना 'व्ही', २०२५ मध्ये पुन्हा 'ए'पासून सुरुवात.

"आमच्यात नावाला फार महत्त्व," गृहस्थ म्हणाले. ('आमच्यात' म्हणजे नेमकं कुणात, हे विचारायचं धाडस झालं नाही.) मग मूळ पुरुषाची कथा सुरू झाली. जर्मन शेफर्डच्या नोंदवहीतला पहिला कुत्रा होरांड फॉन ग्राफ्राट. त्याचं आधीचं नाव हेक्टर लिंक्सराइन. १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानित्झ यांनी तो विकत घेतला, नाव बदललं आणि मागे स्वतःच्या केनेलचं नाव लावून टाकलं.

"म्हणजे दुसऱ्याच्या घरचा कुत्रा?"

"अहो, ते या जातीचे संस्थापक होते!"

आता मोबाइलवर वंशावळ निघाली. तीन पिढ्या, चौकटीत चौकट. बोटाने मोठी करून बघतो तर एकच नाव वडिलांच्या बाजूलाही आणि आईच्या बाजूलाही.

"हे चुकून दोनदा छापलंय."

"छे! आजोबा दोन्हीकडून एकच. लाइन ब्रीडिंग म्हणतात त्याला." स्वर असा, की दोन इस्टेटी एकाच वारसाकडे आल्यात.

इथे मात्र माझं हसू गेलं. ब्रिटनचा केनेल क्लब १८७३ चा. आई-मुलगा, बाप-लेक, सख्खी भावंडं यांच्या संबंधांतल्या पिल्लांची नोंदणी त्याने बंद केली २००९ मध्ये. विचार करायला १३६ वर्षं! आणि नोंदणीचा कागद सांगतो तरी काय? कोण कुणाच्या पोटी आला, एवढंच. मागच्या पायांचे सांधे धड आहेत का, हे त्यात सहसा नसतं. त्यासाठी एक्स-रे काढावा लागतो आणि तो काढायचा की नाही, हे बहुतेक वेळा ब्रीडरच्या मर्जीवर. नाव त्याचं, लंगडणं कुत्र्याचं, बिल तुमचं. हे सगळं मी बोलणार होतो. तेवढ्यात दार उघडून मदतनीस मुलगी ओरडली,

"जुलाब कोण? जुलाब आत या!"

दरी, चंद्र आणि सम्राट एकदमच उठले. मी इतक्या मोठ्याने हसलो, की तिने दारातूनच वळून माझ्याकडे बघितलं.

"गोचीड, तुम्हाला अजून वेळ आहे."