टाइमशीट कशी भरावी

कन्सल्टिंग फर्ममध्ये नोकरी लागली? अभिनंदन! आता जो तो तुम्हाला पॉवरपॉइंट शिकायला सांगेल. ते काय, येतं आपोआप. शिकायची असते ती टाइमशीट, म्हणजे कुठल्या कामावर किती तास घातले त्याचा आठवड्याचा तक्ता. कारण फर्म विकते ते तुमचे तास, सल्ला त्यावर वरकड.

शुक्रवारी संध्याकाळी रिमाइंडरचा मेल येईल. आठवडाभर रोज रात्री बारापर्यंत तुम्ही खराडीच्या ऑफिसात डेकमधल्या स्लाइड्सवरचे बाण सरळ करत बसलेले असाल. म्हणून भरायला जाल साठ-पासष्ट तास. असला प्रामाणिकपणा घरी ठेवून या. काम मिळावं म्हणून पार्टनरने, म्हणजे कामं आणणाऱ्या भागीदाराने, तासांचं बजेट आधीच कापून दिलेलं असतं. खरे तास भरले की प्रोजेक्टचं मार्जिन घसरतं. मग मॅनेजर तुम्हाला खाली चहाला नेतो आणि पाठीवर हात ठेवून म्हणतो, "अरे, यात तूच स्लो दिसशील ना. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय." माणूस खरंच चांगला असतो, त्याचा मॅनेजर त्याला चहाही पाजत नाही. तर रोज आठ लिहा आणि बाकीचे गिळा.

मात्र आठाच्या खाली उतरू नका. युटिलायझेशन, म्हणजे क्लायंटच्या नावावर लागलेल्या तासांचं प्रमाण, पडलं की तुम्ही बेंचवर, म्हणजे बिनकामाचे, आणि बेंचवरच्या माणसाकडे लोक लिफ्टमध्येसुद्धा बघत नाहीत. नवं काम मिळवायला रात्ररात्र प्रपोजल लिहिलंत, तर ते बिलेबल, म्हणजे क्लायंटला बिल लावता येईल असं, नव्हे. ऑफिसच्या दिवाळीची कमिटी, कॉलेजांत जाऊन पोरं निवडणं, तेही नव्हे. पण अप्रेझलला 'फर्मसाठी काय केलंत' हा रकाना असतोच, तेव्हा तो शनिवारी-रविवारी भरून काढावा.

क्लायंटकडे पाठवलं तर फार लवकर उत्तर सापडू देऊ नका. समजा, चाकणच्या कारखान्यात लाइन सारखी का बंद पडते ते शोधायचंय. तेल लागलेल्या फडक्याला हात पुसत मशीनवरचे काका पहिल्याच सकाळी सांगतील, "साहेब, त्या तीन नंबरच्या प्रेसचा सुटा भाग वेळेवर येत नाही. दोन वर्षं लिहून देतोय." झालं, काम संपलं! पण सहा आठवडे विकलेत, त्याचं काय? तेव्हा मुलाखती घ्या, चार्ट काढा आणि सतराव्या स्लाइडवर 'स्पेअर्स गव्हर्नन्स मॉडेल' असं निळ्या चौकोनात लिहा. प्रेझेंटेशनला काकांना बोलावत नाहीत. मोठे साहेब मात्र माना डोलावतात. त्यांनाही ते माहीत असतंच, फक्त बाहेरच्याच्या तोंडून हवं असतं.

पुराव्यांची फार चिंता नको. २०२५ मध्ये डेलॉइटने ऑस्ट्रेलिया सरकारला दिलेल्या सुमारे ४,४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अहवालात चक्क अस्तित्वातच नसलेल्या शोधनिबंधांचे हवाले निघाले. एआयची मदत घेतली होती. शुल्काचा काही भाग परत करावा लागला, पण शिफारशी जशाच्या तशा राहिल्या. बघा, पाया काढून घेतला तरी इमारत जागची हलत नाही, याला म्हणतात कन्सल्टिंग.

एखादा आगाऊ मित्र तुम्हाला कायदा दाखवेल. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, जादा तासांना दुप्पट वेतन आहे, वगैरे. त्याला सांगा, व्यवस्थापकीय पदावरच्यांना त्यातून सूट आहे, आणि तुम्ही 'असिस्टंट मॅनेजर' आहात. तुमच्या हाताखाली लॅपटॉप सोडून कोणी नाही, पण कार्डावर तसं छापलंय ना! शिवाय जादा तास कुठले? टाइमशीटमध्ये आठच आहेत की. सही कोणाची?

एवढं सगळं नीट पाळलंत की वर्षभराने तोच क्लायंट पुन्हा काम देईल. पार्टनर जुना हिशोब उघडेल. चार माणसं, रोज आठ तास, सहा आठवडे, काम वेळेत. म्हणजे यंदा तिघांत सहज होईल, असं तो क्लायंटला तिथल्या तिथे कबूल करून येईल. त्या तिघांत तुमचं नाव पहिलं असेल, कारण तुम्हाला या कामाचा अनुभव आहे.