तिचा हिशोब कोणी मागितलाच नाही

आज सकाळी वाचनकट्ट्यावरून चहा न घेताच उठून आले. तिथे कोणाला काही बोलले नाही, म्हणूनच बहुधा अजून धुमसते आहे. लांब लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

धुळ्यात आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एका रविवारी जमतो, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. आज एक नवी रहस्यकादंबरी होती. नाव घेत नाही, भांडण लेखकाशी नाही. गोष्ट ओळखीचीच. देखणी बाई, तिच्या नादी लागलेले तीन पुरुष. एक कर्जात बुडतो, एक तुरुंगात जातो, एक मरतो. बाई शेवटच्या पानावर गाडीत बसून निघून जाते. चर्चा सुरू झाल्या झाल्या आमच्यातले एक ज्येष्ठ सर (त्यांचा मी मनापासून मान ठेवते, आजही) म्हणाले, "बाई काय रंगवलीये! पण असल्या बाईपासून देवानेच वाचवावं." सगळे हसले. बायकाही हसल्या. मग कॉलेजातली एक मुलगी तावातावाने म्हणाली, "सर, हीच तर खरी स्त्रीवादी नायिका. तिघांना खिशात घातलं तिने!" तिला टाळ्या.

मला दोन्ही वेळेला मशीनवाली मामी दिसत होती.

माझं आजोळ अमळनेर तालुक्यातलं. ही मामी सख्खी नव्हे, गल्लीतली. दारात शिलाई मशीन, खिडकीच्या गजाला टांगलेला आरसा, डोळ्यांत काजळ, आणि हसणं असं की चार घरं पलीकडे ऐकू जाई. नवऱ्याची कोरडवाहू जमीन, त्यात कापूस. १९८६ च्या आसपासची गोष्ट, मी नऊ वर्षांची. ओळीने दोन वर्षं कापूस हातचा गेला आणि एका सकाळी तो फवारणीचं औषध प्यायला. तेराव्याच्या आत गल्लीचा निकाल लागला होता. ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या बायका म्हणायच्या, "नवरा खादा तिनी." का? तर ती काजळ घालते, मोठ्याने हसते आणि दर बाजाराच्या दिवशी कापसाच्या आडत्याच्या पेढीवर जाते. झालं, एवढा पुरावा.

मी त्या वर्षी आखाजीसाठी (अक्षय्य तृतीयेसाठी) तिच्याकडे फ्रॉकचं माप देऊन आले होते. तो आणायला मला घरून कोणी पाठवलं नाही, आणि मीही गेले नाही. ती समोरून दिसली की मी दुसऱ्या बोळात शिरायचे. ही बाई माणूस खाते, हे नऊ वर्षांच्या पोरीलाही पक्कं ठाऊक झालं होतं.

समीक्षेत अशा बाईला 'फाम फताल' म्हणतात. फ्रेंच शब्द, कानाला अत्तरासारखा. आमच्या गल्लीत तिलाच नवरा खाणारी म्हणतात, पांढऱ्या पायाची म्हणतात. शब्द बदलला म्हणून ऐकणाऱ्याची नजर बदलत नाही. पडद्यावरची बाई बघण्यापुरती मांडलेली असते आणि बघणारा डोळा पुरुषाचा असतो, हे लॉरा मल्व्ही या ब्रिटिश सिनेअभ्यासक बाईने १९७५ मध्येच लिहून ठेवलं. आमचा कट्टा अजून त्याच डोळ्याने वाचतो आहे.

'डबल इन्डेम्निटी' हा १९४४ चा अमेरिकन सिनेमा घ्या. या सगळ्या बायांची आजी म्हणावी अशी नायिका त्यात आहे. विमा एजंटला ती जाळ्यात ओढते, तिच्या नवऱ्याचा खून होतो, पुढचं सगळं ओघाने येतं. पण सिनेमा सुरू कुठे होतो? जखमी एजंट रात्री ऑफिसात येऊन डिक्टाफोनवर कबुली देतो आहे, तिथे. म्हणजे अख्खी गोष्ट त्याच्या तोंडून. ती कशी चालायची, तिच्या मनात काय होतं, सगळं तो सांगणार आणि आपण मान डोलावणार. स्त्रीवादी अभ्यासकांनी याकडे बोट दाखवलं. पुरुष महायुद्धावर गेलेले, बायका कारखान्यांत कामाला लागलेल्या, पगार घरी आणणाऱ्या. नेमक्या त्याच काळात पडद्यावर अशा बायांचं पीक आलं. ही भीती कोणाची होती, हे वेगळं सांगायला हवं का?

हे परदेशी खूळ आहे असं कृपा करून म्हणू नका. आपल्याकडे 'मुद्राराक्षस' हे संस्कृत नाटक आहे. चंद्रगुप्ताला मारायला नंदांचा अमात्य राक्षस विषकन्या पाठवतो आणि चाणक्य ती शिताफीने पर्वतकाकडे वळवतो. पर्वतक मरतो. हे वाक्य परत वाचा: पाठवतो, वळवतो. बाई आहे की बाण? नाटकात ती रंगमंचावर येतसुद्धा नाही. तिला लहानपणापासून थोडं थोडं विष कोणी चारलं, चारताना ती रडली का, हे विचारायचं कोणालाच सुचत नाही. दोन मुत्सद्द्यांच्या बुद्धीचं कौतुक होतं आणि घातकी मात्र ती.

हा नुसता पुस्तकांचा मामला असता तर मी चहा पिऊन आले असते. पण आपण खान्देशात राहतो. वर सातपुड्यातल्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून मारलं गेलंय, गावाबाहेर काढलं गेलंय. कोणाचं मूल दगावलं, कोणाचा नवरा गेला, की तिनेच खाल्लं. तेच क्रियापद! अंनिसच्या कार्यकर्त्यांनी नंदुरबारकडे त्याविरुद्ध वर्षानुवर्षं पायपीट केली आहे, २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. आणि इकडे पंख्याखाली बसून आम्ही म्हणणार, असल्या बाईपासून देवाने वाचवावं. कोणाला वाचवावं, सर? आजवर मार कोणी खाल्ला?

हो, बायकाही फसवतात, खूनही करतात. मान्य. त्यांची गोष्ट जरूर लिहा.

पाणी पिऊन आले. आता त्या मुलीबद्दल.

तिच्यावर मी मनातल्या मनात चिडले, ते चुकलं. सोशिक, समईसारखी जळणारी नायिका वाचून वाचून आमची पिढी कंटाळली, मग तिची का नाही कंटाळणार? कोणाची तरी वाट लावून बाई सुखरूप निघून जाते, हे वाचताना तिला मोकळं वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. गिलियन फ्लिनची 'गॉन गर्ल' २०१२ मध्ये आली, तेव्हापासून हा वाद चालू आहे. त्यातली बायको खोटी डायरी लिहिते, बलात्काराचा खोटा आरोप करते. काही स्त्रीवादी वाचक संतापल्या की पुरुषांचं हे लाडकं हत्यार आयतं त्यांच्या हाती दिलं. काही म्हणाल्या, बाईला दुष्ट असण्याचाही हक्क हवा. मला दोन्ही पटतं, आणि अजून त्यातून माझी सुटका झालेली नाही. पण तिथे निदान डायरी खोटी असली तरी ती लिहिते. डोकं तिचं, राग तिचा, त्या रागाला कारणं आहेत.

आजच्या कादंबरीत काय आहे? बाईला भूक नाही, घरभाडं नाही, पाळी नाही, आई नाही. लुटलेल्या पैशाचं तिने काय केलं, एका ओळीतही नाही. नुसतं रूप आणि डाव. हिला बलवान म्हणत असाल तर विषकन्येलाही म्हणा. आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षर लिहिता येत नव्हतं, तरुणपणी नवरा गेला, तरी आपल्या वैधव्याबद्दल त्या स्वतःच्या तोंडाने बोलल्या आणि ज्योतिषाला दारातून परत पाठवलं. त्याच खान्देशातले आपण, आणि आपल्याला मुकी बाई बलवान वाटते.

मामीकडे परत येते. तिच्यासाठीच लिहायला बसले आहे.

२०११ मध्ये सुरतला एका लग्नात ती भेटली. निम्मा खान्देश उधन्यात आहे, त्यात तीही. केस पांढरे, काजळ तसंच. तिने मला ओळखलं. हात धरून खोलीवर घेऊन गेली, पत्र्याच्या ट्रंकेतून शाळेची वही काढली. "हाई देख," म्हणाली. एकेका पानावर बाजाराच्या तारखा. पुढे आकडे: ५०, ३०, २०, मधेच एखाद्या तारखेपुढे शून्य. काही ठिकाणी आकड्याऐवजी 'ब्लाउज २', 'परकर १'. पैसे नसले की पेढीच्या दिवाणजीच्या घरचं शिवण फुकट करून द्यायची. प्रत्येक ओळीपुढे दिवाणजीची सही, जांभळ्या शाईची. नवऱ्याने बी-खतासाठी आणि बहिणीच्या लग्नासाठी उचल घेतली होती. ती हिने ११ वर्षं फेडली. दर बाजाराच्या दिवशी आडत्याच्या पेढीवर ती जायची ती यासाठी.

वही जपून का ठेवली, असं मी विचारलं. म्हणाली, कोणी विचारलं तर दाखवायला.

मला काही बोलता येईना. कादंबरीत हे वळण म्हणून शेवटी आलं असतं तर आम्ही कट्ट्यावर लेखकाची पाठ थोपटली असती. इथे वही वर्षानुवर्षं ट्रंकेत पडून होती, आणि ओट्यावर शेंगा फोडणाऱ्या त्या बायकांत माझी आजी होती, आई होती.

सर ही पोस्ट वाचतील. वाचा सर, रागावू नका. पुढच्या बैठकीला मी येणार आहे आणि हे सगळं तोंडावर बोलणार आहे. त्या मुलीशेजारीच बसणार आहे.

मामीच्या खोलीतून निघताना मी चप्पल घालत होते, तेव्हा ती मागून म्हणाली, तुझा फ्रॉक मी दोन आखाज्या ठेवला होता, मग बहिणीच्या पोरीला दिला. पिवळा होता, फुग्याच्या बाह्यांचा. छातीचं माप बावीस.